सालारजंगांच्या घरी जाण्यापूर्वी

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की घरोघर एक प्रश्न हमखास निघतो : उरलेल्या सुट्टीत जायचे कुठे? सोलापूरच्या घरात या प्रश्नाची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. आजींना गाणगापूरला जायचे असते, आईच्या मनात तिरुपती असते, मुलांना समुद्र हवा असतो आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला, खरे सांगायचे तर, चार दिवस घरीच लोळायचे असते. अशा भरल्या सभेत एखाद्याने "या वेळी संग्रहालय पाहायला जाऊ या का?" असा प्रश्न टाकला, तर सगळे त्याच्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. संग्रहालय ही मुद्दाम उठून जाऊन पाहण्याची गोष्ट आहे हेच मुळी आपल्याला पटत नाही. दुसऱ्या कामासाठी गावाला गेलो, गाडीला वेळ आहे, बाहेर ऊन मी म्हणते आहे, तर सावलीला म्हणून आत शिरावे, ही आपली संग्रहालयाची कल्पना.

आणि मग आपण ते पाहतो तरी कसे? पुढे वडील, त्यांच्या मागे पिशवी सांभाळणारी आई, तिच्या मागे "पाणी पाहिजे" म्हणणारी मुले, अशी एक आगगाडी दालनामागून दालने ओलांडत जाते. पहिल्या दालनात प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली जाते. तिसऱ्या दालनात नुसत्या वस्तू पाहिल्या जातात. सहाव्यात फक्त पंखे कुठे आहेत ते पाहिले जाते. शेवटी बाहेर पडल्यावर "झालं एकदाचं बघून!" असा सुटकेचा निःश्वास निघतो. पाय दुखतात, डोके जड होते आणि दुसऱ्या दिवशी आठवायला गेले तर एक तलवार आणि एक पलंग यापलीकडे काही आठवत नाही.

दोष संग्रहालयाचा नाही आणि आपलाही फारसा नाही. लग्नाला जायचे तर आपण आठ दिवस आधी आहेराची यादी करतो. मग ज्या घरात हजारो वस्तू मांडून ठेवल्या आहेत, तिथे जाताना काहीच का ठरवीत नाही, एवढाच प्रश्न आहे. मोठे संग्रहालय पाहायचे तर त्याची आखणी आधी घरी बसून करावी लागते. ती कशी करावी, हे सांगण्यासाठी मी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय निवडले आहे. का निवडले, त्याला एक कारण भूगोलाचे आहे आणि दुसरे त्याहून खोल आहे.

भूगोलाचे कारण सोपे आहे. सोलापूरच्या फलाटावर उभे राहिले, की एक दिशा मुंबईची आणि एक हैदराबादची. मुंबईलाही मोठे संग्रहालय आहे. त्याची कोनशिला १९०५ साली बसवली गेली, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने त्या घुमटाच्या इमारतीचा आराखडा केला, ते लोकांसाठी खुले व्हायला १९२२ साल उजाडले आणि पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्सचे नाव जाऊन १९९८ पासून त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. ते पाहावेच. परंतु मुंबई आपल्यापासून साडेचारशे किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे तीनशे. शिवाय मुंबईला आपण कामाला जातो, दवाखान्याला जातो, मुलाच्या नोकरीसाठी जातो. हैदराबादला मात्र सोलापूरचा मराठी माणूस अजूनही थोडा बिचकतच जातो.

असे का, याचे उत्तर वाटेवरच आहे. सोलापूर सोडून पूर्वेकडे निघाले, की पाऊण-एक तासात नळदुर्ग लागते. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला तिथला पाणीमहाल आपण सहलीला म्हणून पाहतो. पण १९४८ पर्यंत नळदुर्ग, तुळजापूर हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. म्हणजे आई भवानीचे दर्शन घ्यायचे तर सोलापूरकराला राज्य ओलांडून जावे लागे. १९४७-४८ च्या दिवसांत रझाकारांच्या भीतीने या सरहद्दीवरची कितीतरी कुटुंबे घरेदारे टाकून सोलापुरात आली. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखालची भारतीय सेना सोलापूरच्या बाजूने याच रस्त्याने हैदराबादकडे निघाली, पहिल्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतले आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या पुढचे सांगताना मात्र जुनी माणसे आवाज खाली आणतात. कारवाईनंतरच्या दिवसांत याच जिल्ह्यांतल्या कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांनीही माणसे गमावली, घरे गमावली. दोन्हीकडच्या लोकांनी ते गिळले आणि कामाला लागले. पण हैदराबाद म्हटले, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर एक आठी उमटायची ती उमटायचीच.

आणि गंमत अशी, की त्याच हैदराबादशी निम्म्या सोलापूरचे नाते माहेरचे आहे. शहराच्या पूर्व भागात फिरा. यंत्रमागाच्या खटखटाटात जी भाषा कानावर येते ती तेलुगू. हे पद्मशाली विणकर तेलंगणातून पोटामागे इथे आले, इथलेच झाले आणि त्यांच्या हातांनी सोलापुरी चादर देशभर पोहोचवली. ज्या गावाची एका गल्लीत धास्ती, त्याच गावाची दुसऱ्या गल्लीत ओढ, अशी आपली स्थिती. तेव्हा हैदराबादला जाऊन तिथल्या राज्यकर्त्यांच्या घरातल्या वस्तू शांतपणे पाहणे, ही सोलापूरकरासाठी नुसती करमणूक राहत नाही. शेजाऱ्याच्या घरी पहिल्यांदा चहाला जाण्यासारखे ते आहे. हे ते दुसरे कारण.

कुणाच्या घरी जायचे तर यजमान कोण, हे आधी विचारून घ्यावे. सालारजंग हे एका माणसाचे नाव नव्हे, ती एका घराण्यातली पदवी आहे. पहिले सालारजंग म्हणजे मीर तुराब अली खान. १८५३ साली ते हैदराबादचे दिवाण झाले आणि १८८३ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. बुडत आलेल्या राज्याचा कारभार त्यांनी रुळावर आणला असे म्हणतात, आणि हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा आहे. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. ती पुढे वाडीवरून दक्षिणेला गेली. वाडीपासून सिकंदराबादपर्यंतचा फाटा १८७४ साली, सालारजंगांच्याच कारकिर्दीत, निजामाच्या पैशाने पुरा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि रोममध्ये त्यांनी एक संगमरवरी पुतळा विकत घेतला. त्याची हकीकत पुढे येईलच. हैदराबादहून मुंबईच्या बंदराला जाण्याचा लोहमार्ग तेव्हा वाडी आणि सोलापूर यांवरूनच होता. म्हणजे तो पुतळा आपल्या स्थानकावरूनच हैदराबादला गेला असावा, असे मानायला हरकत नाही!

दुसऱ्या सालारजंगांची कारकीर्द थोडकी. आणि ज्यांच्या संग्रहासाठी आपण जाणार, ते तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान. यांचा जन्म कुठला, असे घरातल्या मुलांना विचारून पाहा. हैदराबाद, दिल्ली, लखनौ, सगळी नावे येतील. उत्तर आहे आपले पुणे! १३ जून १८८९ ला ते जन्मले आणि महिन्याच्या आत वडिलांचे छत्र हरपले. १९१२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, निजामाने त्यांना दिवाण केले. अडीच वर्षांच्या आत त्यांनी ते पद सोडले. पुढे लग्न केले नाही, राजकारणात परत पडले नाहीत. पस्तीस वर्षे त्यांनी एकच काम केले : वस्तू जमवल्या. चित्रे, पुतळे, गालिचे, हस्तलिखिते, चिनी मातीची भांडी, घड्याळे, शस्त्रे, खेळणी. घरात पैसा होता, पाहण्याची हौस होती आणि दारात विक्रेते होते. विलायतेतून मोडीत निघालेल्या सामानातले पुष्कळसे या दिवाणदेवडीत येऊन पडले, असेही टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण एका माणसाने जमवलेल्या जगातल्या मोठ्या संग्रहांत याची गणना होते, हेही तितकेच खरे.

२ मार्च १९४९ ला नवाबसाहेब वारले. मागे पत्नी नाही, मूल नाही. निजामाचे राज्य जाऊन सहा महिने झालेले. अशा वेळी अशा संग्रहाचे काय होते, हे आपल्याला संस्थानांच्या वाड्यांवरून ठाऊक आहे. भाऊबंद कज्जे लावतात, वस्तू एकेक करून खिडकीतून जातात आणि दहा वर्षांनी रिकाम्या भिंतींवर खिळे तेवढे उरतात. इथे तसे झाले नाही. एक समिती नेमली गेली, वस्तू राहत्या वाड्यातच मांडल्या गेल्या आणि १६ डिसेंबर १९५१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. १९५८ मध्ये वारसांनी तडजोड करून संग्रह राष्ट्राच्या हवाली केला, १९६१ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला आणि १९६८ मध्ये मुसी नदीच्या दक्षिण काठावर आजच्या इमारतीत सगळा संसार हलला. ज्या मुलखावर आदल्या वर्षी सैन्य पाठवावे लागले, तिथल्या एका नवाबाच्या कपाटातल्या कपबश्या जपायला नव्या सरकारने वेळ काढला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आखणी. पहिली गोष्ट वाराची. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. आपल्या मनात रविवार नाहीतर सोमवार सुट्टीचा असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सणाच्या दिवशीही दारे बंद असू शकतात. तेव्हा वेळा आणि तिकिटाचे दर निघण्यापूर्वी मोबाइलवर पाहून घ्यावेत. शाळांच्या सहलींचा हंगाम असेल तर सकाळी दार उघडताच आत जावे, कारण अकरानंतर गणवेशांचे लोंढे येतात.

दुसरी गोष्ट वेळेची. रेल्वेने सोलापूरहून पाच-सहा तास लागतात. उतरल्याबरोबर सामान घेऊन थेट संग्रहालयात जाण्याचा उत्साह करू नये. प्रवासाने शिणलेल्या डोळ्यांना सोनेही पितळ दिसते. पहिला दिवस पोहोचण्याचा, दुसरा दिवस संग्रहालयाचा, तिसरा गोवळकोंड्याचा, अशी वाटणी करावी. चारमिनार संग्रहालयापासून जवळ आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला तिकडे जावे, बांगड्यांचा लाड बाजार बायकांनी पाहावा आणि पुरुषांनी पिशव्या धराव्यात. पण संग्रहालयाचा दिवस हा संग्रहालयाचाच ठेवावा.

तिसरी गोष्ट पोटाची. आत डबा उघडता येत नाही, आणि भुकेल्या मुलाला ताजमहाल दाखवला तरी तो रडणारच. आपल्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दही असा भरभक्कम नाश्ता मुक्कामाच्या ठिकाणी आटोपून निघावे. बिर्याणी रात्रीला राखून ठेवावी. मोठ्या पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, तेव्हा त्या नेऊच नयेत. जोडे जुने, पायाला बसलेले घालावेत. नव्या कोऱ्या चपलांनी आजवर जितकी संग्रहालये बुडवली तितकी आगीनेही बुडवली नसतील.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निवडीची. इथे दालने ४० च्या आसपास आहेत आणि वस्तू ४० हजारांच्या वर. एकेका वस्तूला फक्त अर्धे मिनिट दिले तरी, संग्रहालयाचे रोजचे सात तास धरून, दीड महिना पुरणार नाही. तेव्हा 'सगळे पाहणे' हा विचार घरीच कुलपात ठेवून निघावे. माझी पद्धत अशी, की घरातल्या प्रत्येकाने एकेक वस्तू आधी निवडायची, तिच्याविषयी थोडे वाचायचे आणि तिथे गेल्यावर इतरांना ती दाखवायची. पाच माणसे, पाच वस्तू. बाकीचे वाटेत दिसेल तेवढे दिसेल. यात मुलांना मान मिळतो, आणि मान मिळाला की मुले पाणी मागत नाहीत.

उदाहरण म्हणून पाच वस्तू सुचवतो.

पहिली अर्थातच तो रोमहून आलेला पुतळा, बुरख्यातली रिबेका. इटालियन शिल्पकार बेन्झोनी याने घडवलेली ही बायबलातली वधू आहे. अंगावरून, चेहऱ्यावरून झिरझिरीत ओढणी घेतलेली आणि त्या ओढणीआडून नाक, ओठ, खाली झुकलेल्या पापण्या स्पष्ट दिसतात. आणि हे सगळे दगडात! ओलेत्या कापडासारखी दिसणारी ती ओढणीही दगडच आहे हे मनाला पटवून देता देताच पाच मिनिटे जातात. बेन्झोनीने हीच रिबेका एकाहून अधिक वेळा घडवली, तिच्या बहिणी जगात इतरत्र आहेत. म्हणून हिचे मोल कमी होत नाही. घरातल्या गृहिणीने ही वस्तू निवडावी. कापडाची चूण कशी पडते, हे तिला आपल्याहून बरे कळते.

दुसरी, लाकडाचा दुहेरी पुतळा. समोरून पाहावे तर ताठ मानेचा, कुत्सित हसणारा सैतान मेफिस्टोफिलिस; मागच्या आरशात पाहावे तर मान खाली घातलेली निरागस मार्गारेटा. जर्मन कवी ग्योटे याच्या 'फाउस्ट' नाटकातली ही दोन पात्रे एकाच लाकडाच्या दोन अंगांना कोरली आहेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही वस्तू उत्तम. त्यांना या वयात माणसाच्या दोन बाजूंविषयी पुष्कळ बोलायचे असते.

तिसरी, यशबाच्या वस्तू. यशब म्हणजे जेड नावाचा हिरवट, गुळगुळीत दगड. जहांगीराचा खंजीर, नूरजहानची म्हणून सांगतात ती फळे कापायची सुरी, शाहजहानची बिरुदावली कोरलेली तिरंदाजीची अंगठी या त्यातल्या नामांकित वस्तू. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ज्यांचे फक्त सनावळीत नाव येते, त्यांच्या बोटाचा आकार केवढा होता हे ती अंगठी सांगते. जवळपास कुठेतरी हस्तिदंती खुर्च्याही दिसतील. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने त्या टिपू सुलतानाला भेट दिल्या, असे सांगतात.

चौथी वस्तू घरातल्या सर्वांत लहान मुलाची : गाणारे घड्याळ. एकोणिसाव्या शतकातले हे इंग्रजी घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी या पेढीकडून आले. तास भरत आला, की वरचे दार उघडते, एक चिमुकला माणूस बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो आणि आत जातो. खाली एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडी मारीत बसलेला असतो. त्याला विश्रांती नाही. हे पाहायला समोर शेकडो माणसे बसून राहतात. बारा वाजता गर्दी सर्वांत जास्त, कारण बारा टोले! माझे म्हणणे, अकराचा तास साधावा. आणि घड्याळाकडे पाहून झाले, की मान वळवून त्या गर्दीकडे पाहावे. बुरख्यातली बाई, नऊवारीतली आजी, तेलुगूत बोलणारा बाप, खांद्यावरची पोरे, सगळ्यांची तोंडे एकाच वेळी उघडी पडलेली असतात. असा देखावा दुसऱ्या कोणत्याही दालनात नाही.

पाचवी वस्तू माझ्या आत्याने निवडली, किंवा त्या वस्तूनेच तिला निवडले, असे म्हणा. आमची आत्या नळदुर्गच्या पलीकडच्या एका खेड्यातली. १९४८ च्या उन्हाळ्यात, वयाच्या आठव्या वर्षी, रात्रीच्या बैलगाडीतून आईबरोबर सोलापूरला आली ती परत कधी त्या घरी गेली नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही हैदराबादचा बेत केला, तेव्हा तिने साफ सांगितले, "निजामाच्या गावात काय ठेवलंय रे बघायला? तुम्ही जा. मी घर राखते." नातवंडांनी गळ घातली म्हणून आली. आमच्या यादीत तिच्या नावापुढे जागा कोरी होती.

सगळी दालने ती खाली मान घालून चालत होती. रिबेकेपुढे थांबली नाही, घड्याळापुढे बसली ती पाय दुखतात म्हणून. आणि मग बिदरी कामाच्या दालनात एका कपाटापुढे ती उभी राहिली. आत हुक्क्याची भांडी, सुरया, तबके, पानदाने मांडलेली होती. काळ्याशार अंगावर चांदीची वेलबुट्टी. आम्ही पुढे गेलो, मागे वळून पाहतो तर ही तिथेच.

"काय गं आत्या?"

"आमच्या घरी असलं पानदान होतं," ती म्हणाली. "एवढी चांदी नव्हती त्याच्यावर. पण काम हेच. बाबा जेवण झालं की मला म्हणायचे, घेऊन ये गं डबा."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आईने तांब्या घेतला, देव घेतले. पानदान राहिलं."

माझ्या धाकट्या मुलीने बिदरीविषयी वाचून आली होती ते सांगायला सुरुवात केली. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या रेघेत चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावून धातू काळा करतात. चांदी काळी होत नाही, म्हणून नक्षी उजळून निघते. आत्याने सगळे नीट ऐकून घेतले. "बिदर काय, आमच्या गावापासून जवळच," ती म्हणाली. "बाजाराला जायची माणसं."

त्या कपाटापुढे आम्ही बराच वेळ होतो. नंतर मला उमगले, की हा संग्रह एकट्या नवाबाचा, एकट्या निजामाचा कधी नव्हताच. बिदरचा कारागीर, आमच्या आजोबांचे पानदान आणि नवाबाचा हुक्का यांत चांदीच्या वजनाचा फरक, हात एकच. मग दख्खनी चित्रांच्या दालनातही तेच दिसले. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा यांच्या दरबारांत रंगवलेली ती छोटी छोटी चित्रे आपण परक्या मुलखातली समजून पुढे जातो. पण विजापूर सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर, आणि आपला भुईकोट किल्ला तर विजापूर आणि अहमदनगर यांच्या भांडणाचे जुनेच कारण! आपण शेजाऱ्याकडे म्हणून जातो आणि तिथे आपल्याच घरच्या वस्तू दिसतात. सरहद्दी माणसांना अडवतात. वेलबुट्टीला कोण अडवणार?

आत्याने त्या दिवसानंतर हैदराबादचे गोडवे गायला सुरुवात केली, असे मात्र कुणी समजू नये. रात्री बिर्याणीच्या हॉटेलात तिने दहीभातच मागवला. जे झाले ते झाले नव्हते असे होत नाही, आणि कुठलेही संग्रहालय ते पुसून टाकू शकत नाही. पण परतीच्या गाडीत ती नातवंडांना आपल्या गावच्या घराविषयी सांगू लागली. दार कुठे होते, माजघर कसे होते, पानदान कोणत्या कोनाड्यात असायचे. सत्तर वर्षांत हे आम्ही कुणी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

म्हणून आखणीचे शेवटचे कलम असे : घरातल्या वडीलधाऱ्यांना मागे ठेवून जाऊ नका. "त्यांना चालवत नाही, त्यांना काय कळतंय" असे आपण म्हणतो. चालण्याची अडचण असेल तर दोनच दालने पाहा, मध्ये बसा, दुपारी मुक्कामाला परत या. कळण्याचे म्हणाल, तर काचेआडच्या निम्म्या वस्तू आपण पाट्या वाचून ओळखतो. त्यांनी त्या हाताळलेल्या असतात. अडकित्ता, समई, अत्तरदाणी, पितळी कुलूप, जरीचा पदर यांच्यापुढे त्यांना उभे करा आणि तुम्ही गप्प राहा. पाटीवर न लिहिलेली हकीकत तुम्हाला ऐकायला मिळेल, आणि ती त्या एकाच कुटुंबापुरती असते, दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

परत आल्यावर एक छोटे काम करावे. सगळ्यांनी बसून आपापल्या पाच वस्तू पुन्हा सांगाव्यात. ज्याला जे आठवेल ते. लहानग्याने लोहाराची नक्कल करून दाखवावी. मग घरातली रोजची सोलापुरी चादर काढून उजेडात नीट पाहावी. तिच्यावरची नक्षी काठावर कशी वळते, दोन्ही बाजूंनी रंग कसे उलटसुलट होतात, हे आपण जन्मभर अंगावर घेऊनही कधी पाहिलेले नसते. ती विणणाऱ्याचे आजोबा तेलंगणातून निघाले तेव्हा त्यांनी काय घेतले आणि काय मागे राहिले, हेही एकदा पूर्व भागातल्या ओळखीच्या माणसाला विचारून पाहावे. पाहायची सवय एकदा लागली, की तिला तिकीट लागत नाही.

तेव्हा या सुट्टीत नाहीतर पुढच्या, यादी करा, आजींना विचारा, जुने जोडे काढा आणि निघा. शुक्रवार तेवढा टाळा.